चौथा पाट

अंगठी काही निघत नव्हती.

साबण लावून झाला, खोबरेल तेल लावून झालं, फ्रीजमधला बर्फ दाबून झाला. मे महिन्यातलं नागपूर — माणसाची बोटंसुद्धा उन्हानं फुगतात — आणि त्यात सुरुचीनं एकदाच, अगदी एकदाच घालून पाहिलेली ती अंगठी. तिची स्वतःची असती तर गोष्ट वेगळी. ती होती तिच्या दादाच्या, विक्रमच्या, साखरपुड्याची. होणाऱ्या वहिनीसाठी आणलेली.

"वेदिकाले आता काय सांगू मी?" स्कूटर चालवता चालवता विक्रम मागे वळून म्हणाला. "तुझ्याआधी माझ्या बहिणीचाच साखरपुडा झाला, असं सांगू?"

"समोर बघ."

"समोरच बघून राहिलो. पण लाज म्हणून काही असते का नाही?"

होती ना. लाजच तर होती. मनीषनगरातून निघाल्यापासून ती ओढणीत हात गुंडाळून बसली होती. सोनार म्हणाला होता, कापावी लागेल. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं, अगं, फायर ब्रिगेडवाले न कापता काढून देतात. आणि आता ती एका लालभडक गाडीच्या सावलीत बाकावर बसली होती, बोट पुढे करून — बालवाडीची शिक्षिका, रोज वीस पोरांना 'दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये' असं शिकवणारी.

समोर एक पाय दुमडून बसलेला तो धागा उलगडत होता. गणवेशावरच्या पट्टीवर नाव होतं. धम्मानंद. तिनं ते वाचलं, आणि वाचलंच नाही असं दाखवलं.

"दुखलं तर सांगजा," तो म्हणाला.

धाग्याचं एक टोक त्यानं अंगठीखालून हळूच सरकवलं आणि उरलेला धागा बोटावर घट्ट, एकाला एक लावून गुंडाळायला घेतला. हात मोठे होते, तळवे खरखरीत. पण धरणं असं, जसं कोणी चिमणीचं पिल्लू धरावं.

"अंगठी कोणाची?"

"वहिनीची. म्हणजे — अजून वहिनी झाल्या नाहीत त्या."

"मंग तुमच्या बोटात कायले?"

विक्रम मागे खो खो हसला. सुरुचीचे कान तापले. ऊन होतं म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"बघत होते," ती पुटपुटली, "कशी दिसते ते..."

तो हसला नाही. मान वर न करता, धागा गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "दिसते तर चांगली."

मग खालच्या टोकानं धागा उलगडत गेला, आणि अंगठी त्याच्यासोबत वळत वळत, जणू तिलाही घाई नव्हती अशी, बोटावरून खाली आली. त्यानं ती विक्रमच्या हातावर ठेवली.

"येतात असे लोक आमच्याकडं," तो उठत म्हणाला. "पण जास्ती करून नवरे येतात. काढायची घाई असते त्यांले. घालायची घाई झालेलं माणूस पहिल्यांदा पाहिलं."

सुरुचीला त्या बाकाखाली जाऊन बसावंसं वाटलं. घरी येईपर्यंत ती विक्रमशी एक शब्दही बोलली नाही. पण बोट मात्र — लाल वळ उमटलेलं ते बोट — ती दुसऱ्या हातात धरून बसली होती.

*

पाऊस सरला आणि बालवाडीत 'आपले मदतनीस' हा पाठ आला. मोठ्या बाई म्हणाल्या, चित्रं पुरे झाली, यंदा एखादा खराखुरा मदतनीस आणा मुलांसमोर. पोस्टमन, पोलीस, नर्स, कोणीही. सुरुचीनं खूप विचार केल्यासारखं केलं, आणि मग म्हणाली, "फायर ब्रिगेड चालेल?"

तो आला. हेल्मेट आणलं होतं. ते एकेका पोराच्या डोक्यावर ठेवलं की पोर नाकापर्यंत गडप होई, आणि बाकीची टाळ्या पिटत. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी मात्र हाताची घडी घालून बसली होती. तिला खरं काय ते हवं होतं.

"तुम्ही आमच्या टीचरला कधी वाचवलं का?"

सुरुचीच्या हातातला खडू थांबला.

"हो," धम्मानंद गंभीरपणे म्हणाला. "एकदा. मोठा बाका प्रसंग होता."

"काय झालं होतं?"

"ते टीचर सांगतील." वीस डोक्यांवरून त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत हसू काठोकाठ, पण सांडू दिलं नाही.

टीचर फळा पुसायला लागल्या, जो आधीच कोरा होता.

त्यानंतर... त्यानंतर काय, गाव तेच, रस्ते तेच. त्याची ड्यूटी सकाळी सुटायची, तिची शाळा तेव्हाच भरायची, आणि मधल्या चौकात तर्रीपोह्याची एक गाडी होती. पहिल्यांदा खरंच योगायोग होता. दुसऱ्यांदा दोघांनी योगायोगासारखं तोंड केलं. मग तेही करायचं सोडून दिलं. तो नंदनवन वस्तीतला. घरी आई, बाबा, धाकटी बहीण. रात्रभर जागून आलेला असला की पोहे खाता खाता त्याच्या पापण्या मिटायच्या, आणि ती बोलायची थांबली की लगेच उघडायच्या.

"झोपलो नाही. ऐकून राहिलो."

"काय म्हणाले मी, सांगा?"

"तुम्ही म्हणाल्या... तर्री जास्ती घ्या."

"मी असलं काही म्हणाले नाही."

"मंग आता म्हणा."

एकदा त्यानं विचारलं, "एक सांगा टीचर. हे पोहेवाले, यांना तुम्ही भाऊ म्हणता. रिक्षावाल्याले भाऊ. त्या ट्रॅफिकवाल्यानं तुमची गाडी अडवली, त्यालेही भाऊ. मले काहीच म्हणत नाही. नुसतं 'ऐका ना'."

नागपुरात भाऊ म्हटल्याशिवाय पान हलत नाही. भाजीवाला भाऊ, डॉक्टर भाऊ, निवडणुकीला उभा राहिलेला तर भाऊच. अग्निशमन केंद्रावर सगळे याला धम्माभाऊच म्हणत. पण सुरुचीच्या जिभेवर तो शब्द यायचा आणि तिथूनच परत फिरायचा.

"तुम्हाला नाही म्हणणार," ती म्हणाली.

"काहून?"

तिनं पोह्यांवर लिंबू पिळलं. पिळतच राहिली, बी पडेपर्यंत.

"असंच."

तो तर्रीच्या वाटीत पाहून हसला. तेवढंच. त्यापुढे ना तो काही बोलला, ना ती. काही गोष्टी बोलल्या की एवढ्याशा होतात, असं तिला तेव्हा वाटत असे.

*

सुरुचीच्या बाबांची, विश्वनाथरावांची, एक रीत होती. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून भाऊबीजेच्या दुपारी ते घरच्यांसोबत आणखी काही पानं मांडायला लावत. ज्यांना सणाची सुट्टी नसते अशांसाठी. घंटागाडीचे केशवभाऊ यायचे, विजेच्या खांबावर चढणारा पिंटू यायचा. "वर्षभर ही माणसं आपल्या दारापर्यंत येतात," बाबा म्हणत, "एक दिवस आत यावीत." या रीतीचा त्यांना फार अभिमान होता. आणि सुरुचीला त्यांचा.

यंदा विक्रम म्हणाला, "बाबा, त्या अंगठीवाल्यालेही बोलवू. तो नसता तर वेदिका अजून माहेरीच असती."

नवी वहिनी ओठ दाबून हसली. सुरुचीनं भाऊबीजेच्या सकाळी उठून पाटोडीचा घाट एकटीनं घातला. बेसनाचं चून घोटलं, ताटावर थापलं, खोबरं आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरवला, वड्या कापल्या, रस्सा उकळत ठेवला. आई, प्रमोदिनीबाई, दोनदा डोकावून गेल्या.

"आज काय अंगात आलं हिच्या?"

"मी सांगू का आई?" वेदिका म्हणाली, आणि सुरुचीनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुढे काही सांगितलं नाही.

तो आला तेव्हा केस ओले होते, नीट विंचरलेले. दिवाळीभर गच्च्यांवर, गोदामांवर रॉकेटं पडत होती, चार रात्री झोप नव्हती. मनगटावर पिवळं मलम. हातात स्टीलचा डबा.

"आईनं दिला," त्यानं तो प्रमोदिनीबाईंकडे केला. "जवसाची चटणी आहे. ती म्हणाली, सणाला गोड सारेच नेतात."

"कशाला उगाच..." म्हणत आईनं डबा कौतुकानं घेतला.

सुरुची दारात उभी. निळी साडी, पिठाचा एक ठिपका गालावर, जो तिला ठाऊक नव्हता.

"बोट बरं आहे का आता?" त्यानं चारचौघांत, अगदी परक्यासारखं विचारलं.

"बरं आहे," तीही परक्यासारखं म्हणाली. आणि आत पळाली, कारण हसू परकं राहत नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून चारुआत्याची हाक आली. चारुआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, वर्ध्याहून दर भाऊबीजेला येणारी. आत्या आली की घर आत्याचं.

"सुरुचे, ताट आण वं. पोट्टे बसले."

आईनं ओवाळणीचं ताट तिच्या हातात दिलं. कुंकू, अक्षता, सुपारी, तुपाची निरांजनं. सुरुची बैठकीत आली आणि तिची पावलं मंदावली.

भिंतीशी पाट मांडले होते. पहिल्यावर विक्रम. दुसऱ्यावर केशवभाऊ, तिसऱ्यावर पिंटू. आणि चौथ्या पाटावर, डोक्यावर पांढरा हातरुमाल ठेवून, अवघडून मांडी घातलेला धम्मानंद.

"या पोट्टीले एकटाच भाऊ, तोही असा," आत्या विक्रमकडे हात करून म्हणाली. "यंदा म्हटलं, चार होऊ द्या. ज्यायले सणाची सुट्टी नाही त्यायले आपल्या पोरीनं ओवाळाव. काय विश्वनाथ, बरोबर हाय का नाही?"

"अगदी बरोबर," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. ही गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही, असा.

ताटातली वात थरथरली.

सुरुचीनं विक्रमला ओवाळलं. त्यानं पाकीट टाकताना डोळे मिचकावले, ते तिला दिसले नाहीत. केशवभाऊंना ओवाळलं. "सुखी राय माय," ते म्हणाले. पिंटूला ओवाळलं. त्यानं लाजून खिशातून चॉकलेट काढलं. कुंकू, अक्षता, ताट फिरवायचं, नमस्कार. हात आपोआप चालले होते, पण आत काहीतरी एकेका पाटागणिक मागे मागे सरकत होतं. ओवाळलं की झालं. मग तो भाऊ. चारचौघांत, दिव्यासमोर, जन्माचा.

ती चौथ्या पाटासमोर येऊन उभी राहिली.

त्यानं वर पाहिलं. एकदाच. मग मान थोडी पुढे केली, कुंकवासाठी.

तिनं बोट कुंकवात बुडवलं... आणि तसंच राहू दिलं. कोणीतरी म्हणालं, अगं लाव ना. बहुतेक आई. वात उजवीकडे झुकली, डावीकडे झुकली. सुरुचीनं ताट बाजूच्या टेबलावर ठेवलं.

"मी... यांना नाही ओवाळणार."

बैठकीत पंख्याचा आवाज एवढा मोठा आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

"अहो, तिला ना..." आई घाईघाईनं पुढे आली आणि जिला ती कुजबुज म्हणत असावी अशा आवाजात म्हणाली, "तिला आज जरा चालत नाही."

"आता तर तिघायले ओवाळलं तिनं," आत्या म्हणाली. "तवा चालत होतं?"

सुरुचीनं डोळे मिटले. जमीन, भिंत, खिडकी, काहीतरी तिला गिळून टाकेल तर बरं. पण भिंती तशाच उभ्या होत्या, आणि तिघांच्या कपाळावरचं कुंकू लाल, ओलं, ठसठशीत, आणि चौथं कपाळ कोरं.

केशवभाऊ सतरंजीचा धागा ओढत बसले होते. त्यांना जे वाटलं, ते खोलीत सगळ्यांनाच वाटलं होतं. घंटागाडीवाला चालला, वायरमन चालला, मग हाच का नाही? आडनाव विचारून झालं असेल. नंदनवन म्हटल्यावर, धम्मानंद म्हटल्यावर...

धम्मानंदनं डोक्यावरचा रुमाल काढला. चार घड्या घातल्या. खिशात ठेवला.

"राहू द्या काकू," तो शांतपणे म्हणाला. "आमच्या घरी तसंही ओवाळत नाहीत. मी तर जेवायलेच आलो होतो."

*

स्वयंपाकघरात बाबा तिच्यामागे आले. ते ओरडणारे नव्हतेच. ओरडले असते तर सोपं झालं असतं.

"सुरुची, आजवर माझी मान कोणापुढे खाली गेली नव्हती," ते म्हणाले. "माझ्याच घरात, माझ्याच मुलीनं घालायला लावली. मी कोणत्या तोंडानं वाढू त्या मुलाला?"

"बाबा, तसं नाही..."

"मग कसं आहे?"

तिनं तोंड उघडलं. काय सांगायचं? खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं, तेही त्याच्या आधी बाबांना, त्याला ठाऊक नसताना, रस्सा उकळत असताना. आणि नाही सांगायचं, तर त्यानं आयुष्यभर हेच घेऊन जायचं, की एका पोरीनं भरल्या घरात त्याच्यासमोर ताट खाली ठेवलं.

"मी वाढते," ती म्हणाली. "मला वाढू द्या."

पंगत बसली होती. तिनं पाटोडीरस्स्याचं भांडं घेतलं. एकेकाच्या पानाशी वाकत गेली. पिंटूनं दोनदा घेतलं. केशवभाऊंनी तिच्याकडे न पाहताच "पुरे" म्हटलं. नेहमी ते 'आण अजून माय' म्हणत. ते 'पुरे' तिला लागलं.

तो मान खाली घालून जेवत होता. पुरीचे बारीक बारीक तुकडे, जेवणासारखं दिसावं म्हणून केलेले.

"वाढू?"

त्यानं पानावर हात आडवा धरला. मलम लावलेलं ते मनगट.

"बस, ताई."

ताई.

इतक्या दिवसांत टीचर म्हणाला होता, ऐकता का म्हणाला होता. एकदा झोपेत असल्यासारखा, आवाज खाली घेऊन, नुसतं सुरुचीही म्हणाला होता. ताई कधी म्हणाला नव्हता. किती आदरानं म्हणाला. दार किती हळू लावून घेतलं त्यानं.

"मला ताई म्हणू नका," सुरुची म्हणाली.

ती हळूच म्हणाली होती. पण पंगतीत हळू म्हटलेलंच सगळ्यांना ऐकू येतं.

आत्याचा घास थांबला. "आता हे काय नवीन? ओवाळाचं नाही, ताई म्हणू द्याचं नाही. मंग त्यानं तुले म्हणाव तरी काय वं?"

डावातून रस्स्याचे थेंब फरशीवर पडत होते. सुरुचीला ते दिसत होते. त्यांच्याकडेच पाहत ती म्हणाली, "ताई सोडून... काहीही."

आधी वेदिकाला कळलं, पण तिला आधीच कळलेलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला. मग विक्रमला. तो पाणी प्यायला लागला आणि पीतच राहिला. केशवभाऊंनी हातातल्या घासाकडे पाहून मान हलवली.

"हाव," ते स्वतःशीच म्हणाले. "आता समजलं."

"काय समजलं?" आत्या म्हणाली. "मलेही सांगा ना कोणी. काय समजलं?"

सुरुचीनं भांडं होतं तिथेच ठेवलं आणि मागच्या दारानं अंगणात गेली.

*

मागे नळ होता, धुणं धुवायचा दगड होता, आणि कढीपत्त्याचं एक झाड. ती नळ सोडून उभी राहिली. हात धुवायचे म्हणून नाही. रडण्याचा आवाज पाण्यात मिसळतो म्हणून.

काय केलं आपण हे. ज्याला एकांतात सांगायची हिंमत झाली नाही, ते पंगतीत, डाव हातात धरून. आईचं तोंड, बाबांचं तोंड... आणि त्याचं? त्याच्याकडे तर तिनं पाहिलंच नव्हतं. त्याला हे हवं होतं का, हेसुद्धा विचारलं नव्हतं.

"टीचर."

तो दारात उभा होता. उष्टा हात पुढे धरून.

"हात धुवायचा होता," तो म्हणाला.

ती बाजूला झाली. त्यानं हात धुतला. आवश्यकतेपेक्षा पुष्कळ जास्त वेळ धुतला.

"तुम्ही त्या दिवशी म्हणाल्या होत्या ना, तुम्हाला भाऊ नाही म्हणणार," तो पाण्याकडे पाहत बोलला. "मी घरी जाईपर्यंत हसत होतो. आईनं विचारलं, काय सापडलं? आज तुम्ही ताट खाली ठेवलं, अन् मले वाटलं, तेव्हाचं ते 'नाही म्हणणार' याच्यासाठी होतं का? भाऊ म्हणायलेही जड जात होतं का यांले? एवढी गोड गोष्ट, एका मिनिटात मी तिचं काय करून टाकलं पाहा. लाज वाटून राहिली मले."

"तुम्हाला कशाची लाज?" ती मुसमुसत म्हणाली. "मी सगळ्यांसमोर..."

"ऐका ना," तो म्हणाला. तिचेच शब्द, तिच्याच सुरात, आणि ती थांबली. "माझे आजोबा, बळीराम त्यांचं नाव, छप्पन साली दीक्षा घेतलेले. ते सांगायचे, कोणी हात आखडला की तिथं पाणीही प्यायचं नाही. उठायचं. मी आज उठलो नाही. पाटावरून पंगतीत जाऊन बसलो. अन् बसल्या बसल्या स्वतःलाच शिव्या देऊन राहिलो, की उठत काहून नाही तू."

"काहून नाही उठलात?"

त्यानं कढीपत्त्याचं एक पान तोडलं, बोटात फिरवलं.

"वहिनी म्हणाल्या, पाटोडी तुम्ही केली."

सुरुचीला हसू आलं आणि रडू आलं, आणि दोघं वाटेतच एकमेकांवर आदळली. तिनं पदरानं नाक पुसलं. किती वाईट दिसत असेल आपण.

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "आधी. एकटीनं, एकट्याला. तुम्हाला... चालणार आहे का ते."

"मले?" तो म्हणाला. "मी मे महिन्यापासून वाट पाहून राहिलो, की कोणाचं तरी बोट पुन्हा अडकल. अडकल्याच नाही तुम्ही. मंग शाळेतून फोन आला. ड्यूटी दुसऱ्याची होती त्या दिवशी. मी मागून घेतली."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. ऊन नव्हतं. नोव्हेंबर होता.

दाराशी कोणीतरी खाकरलं.

बाबा उभे होते. किती वेळ, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. सुरुचीची मान पुन्हा खाली गेली. धम्मानंद सरळ उभा राहिला, केंद्रावर साहेब आल्यावर राहावं तसा.

बाबा धुण्याच्या दगडावर बसले. बराच वेळ आपल्या तळहातांकडे पाहत राहिले.

"मघाशी मला वाटलं, माझी मुलगी माणसाला कमी लेखते," ते म्हणाले. "लाज वाटली मला. मग खरं कळलं. कळल्यावर आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला लगेच. मनात काहीतरी अडलं. सगळ्यांना दरवर्षी पानावर बसवणारा मी... आता त्या अडण्याची लाज वाटून राहिली."

"बाबा..." सुरुची म्हणाली.

"बोलू दे. हे मी नंतर बोलणार नाही, मला माहीत आहे." ते धम्मानंदकडे वळले. "केशवरावांनी मला नातवाच्या बारशाला बोलावलं होतं. पिंटूनं वास्तूला. मी आहेर पाठवला. गेलो नाही. आज आतमध्ये बसल्या बसल्या हिशेब केला, या सगळ्यांपैकी कोणाच्या घरचं पाणीसुद्धा मी प्यालेलो नाही. मी फक्त वाढत आलो."

धम्मानंद 'तसं काही नाही काका' असं म्हणाला नाही. सुरुचीला ते फार आवडलं, आणि फार भीतीही वाटली.

"तुमच्या आईंना विचारा," बाबा म्हणाले. "आम्ही जेवायला कधी यावं."



"विचारतो," धम्मानंद म्हणाला. "पण सांगून ठेवतो, आई तिखट करते. अन् तिच्यापुढं दुसऱ्या वाढणीले नाही म्हणता येत नाही. मोठमोठ्यांले जमलं नाही."

"मग मी म्हणणार नाही."

"डोळ्यातून पाणी येईल."

"येऊ दे," बाबा म्हणाले, आणि दगडावर हात टेकून उठले. आत जाता जाता त्यांनी सुरुचीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मात्र नेहमीपेक्षा जड होता, आणि थोडा जास्त वेळ राहिला.

आतून आत्याचा आवाज येत होता. तिला आता समजलं होतं, आणि आपल्यालाच सर्वांत शेवटी का सांगितलं, यावर ती प्रमोदिनीबाईंशी भांडत होती.

"कसं जाऊ मी आत?" सुरुची म्हणाली. "तोंड दाखवायला जागा नाही मला."

"मलेही नाही," तो म्हणाला. "मी अर्ध्या पानावरून उठलो. आत्या आता मले सोडत नाही."

"मग?"

त्यानं नळ बंद केला. हात झटकले. दोन थेंब तिच्या गालावर उडाले. त्यानं ते पाहिले, पुसायला हात अर्धा उचलला, दाराकडे पाहून पुन्हा खाली घेतला.

"मग काय," तो म्हणाला, "मी पानावर जाऊन बसतो. तुम्ही वाढायले या. खाली पाहत आल्या तरी चालल. मीही खालीच पाहणार आहे."

तो आत गेला. ती जरा वेळ तिथेच थांबली. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि त्याच्यामागे गेली. मान खाली, कान तापलेले, हातात ते भांडं — सुरुची एकेका पानावरून पुढे सरकत शेवटच्या पानाशी वाकली.

"वाढू?" तिनं विचारलं.

"वाढा," तो पानाकडेच पाहत म्हणाला. "मी थांबा म्हणेपर्यंत."

आणि तो थांबा म्हणालाच नाही.